वाजणारी डबी

आमच्या घरमालकांना माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची त्यांची तयारीच नव्हती. ते मला 'परभणी' म्हणायचे. "ए परभणी, पाणी आलंय!" अशी हाक सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी घुमायची आणि मी हंडा घेऊन धावत सुटायची. माझा नवरा तिकडे इच्छापोरला ठेक्यावर कामाला, म्हणून तो 'इच्छापोर'. समोरच्या घरातली बाई 'नवापूर'. मी एकदा चिडून म्हटलं, अहो आबा, मला आईबापांनी चांगलं बारसं करून नाव ठेवलंय. तर म्हणाले, "नावं सगळी ओठांवर सारखीच दिसतात गं. दिनेश म्हण, नितेश म्हण, मला काय फरक? गावाचं नाव घेताना मात्र माणसाचं तोंड बदलतं."

आबांना ऐकू येत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं संचाखात्यात गेली होती. संचा म्हणजे यंत्रमाग, सुरतेत सगळे संचाच म्हणतात, आणि खातं म्हणजे त्यांचा कारखाना. एका पत्र्याखाली पन्नास संचे धडाधडा चालायला लागले की शेजारच्याचं बोलणंसुद्धा हातवाऱ्यांनीच कळायचं. त्या आवाजाने आबांचे कान हळूहळू मिटले, आणि शेवटी तर इतके मिटले की दिवाळीत दाराशी लवंगी माळ लावली तरी हे शांतपणे खाटेवर सुपारी कातरत बसलेले. पण तळपाय जागे होते. समोरच्या खात्यातले संचे थांबले की ते अनवाणी पायांनी ओळखायचे. "लाइट गेली," म्हणायचे, आणि मग आमचा पंखा हळू व्हायला लागायचा.

हातवाऱ्यांची ती भाषा त्यांच्या घरात तशीच चालू होती. त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली माय म्हणायची, तीही तरुणपणी त्याच खात्यात कांड्या भरायला होती. हात वर करून मूठ उघडायची-मिटायची म्हणजे 'चालू आहे, सगळं ठीक'. मूठ घट्ट आवळून धरली तर 'बंद पडलंय'. चिमूट दाखवली तर 'धागा तुटला', आणि घरात त्याचा अर्थ 'मीठ कमी आहे'. ती दोघं जेवायला बसली की मला खिडकीतून बघत राहावंसं वाटायचं. आवाज नाही, फक्त हात. मध्येच माय अहिराणीत काहीतरी पुटपुटायची आणि आबा तिच्या ओठांकडे बघून खो-खो हसायचे.

त्यांच्या पुढच्या खोलीत मी एसटीडी-पीसीओ चालवायची. मोबाइल यायच्या आधीचे दिवस. संध्याकाळ झाली की खानदेशातली, मराठवाड्यातली, विदर्भातली माणसं माझ्या काचेच्या डब्यात शिरून गावाकडे ओरडायची, कारण लांब बोलायचं म्हणजे ओरडलंच पाहिजे अशी सगळ्यांची समजूत. अशा कटकटीला दुसऱ्या कोणी जागा दिली नव्हती. आबा म्हणाले, "बोंबलू दे. माझं काय जातंय?" पण फोन ह्या वस्तूविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि म्हणे बोलतोय! जन्मात त्यांनी कधी फोनला हात लावला नव्हता.

मग त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात राहून परत आले ते निम्मे होऊन. डॉक्टर तरुण होता, गुजराती, स्वभावाने गोड. तो म्हणाला, काका, रोज चाला. आबा चालायला निघाले तर मागून ट्रक हॉर्न मारतोय, मारतोय, आणि हे रस्त्याच्या मधोमध, हात मागे बांधून. ड्रायव्हरने खाली उतरून त्यांना उचलून बाजूला ठेवलं. ते बघून मायने रस्ताच बंद केला. मग डॉक्टर म्हणाला, बरं, घरातल्या घरात सायकल चालवा, फक्त दमाने.

सायकल घरात होतीच. काळी, दणकट, मागच्या स्टँडवर उभी केली की मागचं चाक अधांतरी. आबांनी त्या चाकाला संच्याचा जुना चामडी पट्टा बांधला, म्हणजे पेडलला जोर लागावा. आणि एका सोमवारी सकाळी ते माझ्या काचेच्या डब्याशेजारी, ओट्यावर, सायकलीवर चढले आणि निघाले.

निघाले म्हणजे खरंच निघाले. मायने फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून हँडलला अडकवला होता. डोक्याला उपरणं. सायकलचं तोंड पूर्वेला. कारण आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की बारडोलीचा रस्ता, पुढे व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, आणि त्याच्या पुढे आबांचं गाव. लग्न झाल्यावर ह्याच सायकलवर, मायला कॅरिअरवर बसवून, ते त्या गावाहून सुरतेला आले होते. आता त्याच रस्त्याने परत जायचं होतं.

मी म्हटलं, आबा, गाडीने जा की. सकाळी बसलं की दुपारी घरी. तर म्हणाले, "गाडीत बसलं की गाव येतं. आपण कुठं जातो?"

बघता बघता गल्लीला त्या प्रवासाची सवय झाली. लोक ओट्यावरून जाताना ओठ स्पष्ट हलवून विचारायचे, "आबा, कुठपर्यंत?" आणि आबा मोठ्याने सांगायचे, "कडोदरा गेलं!" लबाडी अजिबात नाही. आज जिथे थांबले, उद्या तिथूनच निघणार. बारडोलीच्या साखर कारखान्यावरून जाताना मळीच्या वासाने नाकाला उपरणं लावलं, आणि खरं सांगते, मलाही तो वास आला. व्याऱ्याला चहासाठी उतरले. डोळे अर्धवट मिटलेले, पाय फिरतायत, मागचं चाक सूं-सूं करतंय, समोरच्या खात्यातले संचे लांब पावसासारखे वाजतायत, आणि मी माझ्या डब्यात बसून बघतेय तर आबांच्या अंगावरून झाडांच्या सावल्या सरकतायत असं वाटायचं. आमच्या गल्लीत झाड एकही नव्हतं.

नवापूर नावाच्या बाईने तर कहर केला. माझ्या बहिणीचं घर रस्त्यालाच आहे, म्हणाली, तिला म्हणावं, संक्रांतीला ये. आबांनी मान डोलवली. आणि पुढे नवापूर लागलं तेव्हा ते खरोखर दोन मिनिटं थांबले, सायकलची घंटी वाजवली आणि पुढे गेले. संक्रांतीला ती बहीण आली हो! ती दर वर्षीच यायची म्हणा. पण श्रेय आबांनी घेतलं.

पण मी पुढे पळाले. बारडोलीच्या आधीची गोष्ट राहिलीच. डॉक्टरने एक अट घातली होती. सायकल चालवताना छातीचे ठोके एकशे दहाच्या वर जाता कामा नयेत. आता हे बघायचं कसं? आबांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवून मोजायचा प्रयत्न केला, तर दहापर्यंत मोजतात न मोजतात तोच त्यांचं मन कुठेतरी शेतांवरून निघून जायचं. मग मायने ते काम स्वतःकडे घेतलं. आबा सायकलवर, आणि माय शेजारी उभी, दोन बोटं आबांच्या मानेवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सायकल थांबेपर्यंत ती हलायची नाही. चुलीवरची डाळ करपली, दूध उतू गेलं, नळाचं पाणी येऊन गेलं, तरी बोटं मानेवरच. आणि सायकल थांबली तरी तिची भीती थांबायची नाही. आबा दुपारी झोपले की छातीवर तळहात ठेवून बसायची. बाजार बंद, भजन बंद, शेजारच्या घरात साखर मागायला जाणं बंद.

आणि तिकडे बारडोलीला त्यांची एकुलती एक मुलगी पोटुशी होती. जावई साखर कारखान्यात. आधी एकदा गर्भ टिकला नव्हता. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, खाटेवरून उठायचं नाही, माहेरीसुद्धा जायचं नाही, आईलाच इकडे बोलवा. ती शेजाऱ्यांच्या फोनवरून माझ्या बूथवर फोन करायची, मी मायला बोलावून द्यायची, आणि काचेच्या आत माय रिसिव्हर धरून नुसती उभी. पलीकडून रडणं. "माय, तू येस का नही?" मला बाहेरसुद्धा ऐकू यायचं. माय पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, "कशी येऊ माय? आठे त्यासनी छातीवर कोन हात ठी?" इथे ह्यांच्या छातीवर कोण हात ठेवणार?

मला राग यायचा. आबांचा नाही, मायचाही नाही, त्या सगळ्या अडकून बसण्याचाच. मी म्हटलं, अगं माय, मी आहे ना इथे, मी बघेन. ती माझ्याकडे इतक्या दयेने बघायची! जणू मी तिला म्हणतेय, तुझ्या जागी मी श्वास घेते.

शेवटी डॉक्टरनेच सुचवलं. ठोके दाखवणारं यंत्र मिळतं, म्हणाला, परदेशातून येतं, पण रिंग रोडला एक दुकान आहे, तिथे ठेवतात. छातीला किंवा कानाला लावायचं आणि आकडा बघायचा. दुकानात बोलायला कोणीतरी हवं म्हणून आबांनी मला बरोबर घेतलं. माय दारात उभी राहिली, आम्ही रिक्षात बसलो, आणि रिक्षा वळेपर्यंत तिने मूठ उघडमीट केली. 'चालू आहे ना?' आबांनीही रिक्षातून हात बाहेर काढून मूठ उघडमीट केली.

दुकानदाराने तीन वस्तू काचेवर मांडल्या. पहिलीत दोन दांडे हातात धरायचे, मधल्या पट्टीवर आकडा येतो. आबांनी धरून बघितले आणि ठेवून दिले. "दोन्ही हात इकडं, मग हँडल कोण धरणार? खड्डा आला म्हणजे?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, घरात खड्डे आहेत, तुम्ही पुढचं दाखवा.

दुसरं यंत्र फार छान होतं. कानाच्या पाळीला बारीक चिमटा, त्याची तार, आणि हँडलला लावायला पाटी. आकडे एवढे ठसठशीत की माझ्या सासूबाईंनाही चष्म्याशिवाय दिसले असते. तिसरं म्हणजे छातीवर बांधायचा पट्टा आणि एक लहानशी काळी डबी. डबीवरचे आकडे मुंगीएवढे. पण ती दर ठोक्याला वाजायची. टुक्. टुक्. टुक्.

दुकानदार स्वतःच म्हणाला, "काका, आ तमारा माटे नथी. आमां तो अवाज आवे." आणि हसून त्याने कानाला बोट लावलं. मीही हसले. बहिऱ्या माणसाला वाजणारी डबी कोण विकेल?

आबांनी आमच्या दोघांच्या ओठांकडे नीट बघितलं, सदरा वर केला आणि पट्टा छातीला बांधला. डबी काचेवर ठेवली. मला म्हणाले, "परभणी, तिकडं गल्ल्याजवळ जा. येतंय?" मी गेले. येत होतं. मूठ उघडमीट केली. "आता दाराजवळ." येत होतं. "आता बाहेर, पायरीवर." बाहेर रिंग रोडचा एवढा गोंधळ, तरी कान दिला तर येत होतं. मी पायरीवर उभी राहून मूठ उघडमीट करतेय, येणारेजाणारे बघतायत, आत आबा पोट उघडं टाकून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हीच द्या," आबा म्हणाले.

रिक्षात मी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द तोडून भांडले. आबा, तुम्हाला ती ऐकू येणार नाही! आकडा वाचता येणार नाही! कानाचा चिमटा का नाही घेतला? आबांनी मला सगळं बोलू दिलं. मग डबी दोन्ही तळव्यांमध्ये धरून म्हणाले, "गावाहून आलो तेव्हा ती मागं बसली होती. कान माझ्या पाठीला लावून. चढ आला की ती सांगायची, थांबा आता, तुमचं काळीज जोरात चाललंय. मला कळायचं नाही बघ. माझं मला कधीच कळलं नाही. कळायचं ते तिलाच." आणि मग बाहेर बघत बसले.

खड्ड्यांत डबी आपटू नये म्हणून मी तिच्याखाली पदर धरला.

पहिल्याच दिवशी डबीने घोटाळा केला. म्हणजे डबीने नाही, आबांनीच. पट्टा बांधला, चष्मा चढवला, आकडा दिसावा म्हणून हँडलवरच्या डबीवर पार वाकले, सायकल हाणायला सुरुवात केली आणि डबी टुक्टुक्टुक्टुक् करत जी सुटली ती थांबेचना. माय धावत आली. आबा घामाने निथळत होते आणि चेहरा बघावा तर विजयी. "बघ, बरोबर एकशे दहा! एक पिक इकडं नाही, तिकडं नाही!" पिक म्हणजे संच्याचा एक फेरा, एक धागा पडला की एक पिक. संच्यावर आकडा लिहिलेला असतो आणि संचा तेवढाच चालवायचा असतो. आबांनी डॉक्टरचा आकडा तसाच घेतला होता, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून काळीज सत्तरवर चालतंय, म्हणजे मशीन कमी पळतंय, नुकसान होतंय, ह्याची त्यांना मनातून लाज वाटत होती.

डॉक्टरने कपाळावर हात मारला. "काका, एकशे दहा म्हणजे त्याच्या खाली राहायचं! तिथपर्यंत जायचं नाही!"

"कमी चालवलं तर शेठ ओरडतो," आबा म्हणाले.

"अरे काका, इथे शेठ कोण आहे?"

आबांनी मायकडे बोट दाखवलं. डॉक्टर मायकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "शेठाणी, मशीन हळू चालवायला सांगा." माय लाजून इतकी हसली की मी तिला त्यानंतर तशी हसताना फार कमी वेळा पाहिलं.

मग मात्र डबी घरात रुळली. पहिल्या आठवड्यात माय सायकलजवळच, पण बोटं मानेवर नाहीत, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायची. नंतर एक दिवस बघितलं तर ती स्वयंपाकघरात. भाकरी थापतेय, थापता थापता मान वाकडी करून ऐकतेय. आबा मान मागे वळवून ओरडायचे, "येस का?", म्हणजे आवाज येतोय का, आणि आतून पिठाने पांढरा झालेला हात बाहेर यायचा, मूठ उघडायची, मिटायची. मग ती नळापर्यंत गेली. मग समोर नवापूरच्या घरी. एकदा गल्लीच्या टोकाला भाजीवाल्याशी भांडताना मी तिला पाहिलं, आणि भांडता भांडता मध्येच थांबून, बोट वर करून ऐकताना पाहिलं. भाजीवालाही बिचारा तिच्याबरोबर गप्प उभा.

एकदा पट्टा घसरला आणि डबी गप्प झाली. माय सांडशी हातात घेऊनच धावत आली. आबा सोनगडच्या सागाच्या रानातून चालले होते, डोळे मिटून, एकदम खुशीत. तिने सांडशी फेकली, खाली बसली आणि रडायला लागली. आबांना काही कळेना. त्यांनी पट्टा वर केला, डबी वाजायला लागली, आणि दोघं तिथेच ओट्यावर, गल्लीच्या देखत, एकमेकांचा हात धरून बसली. मी माझ्या डब्याची काच लावून घेतली आणि न आलेला फोन उचलला.

बारडोलीहून फोन येतच होते. दिवस भरत आले होते. मुलगी आता रडायचीसुद्धा नाही, नुसतं "बरं" म्हणायची, आणि ते जास्त वाईट. माय गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ शकत होती. त्याच्यापुढे डबी ऐकू येत नव्हती. एका सकाळी आबा नवापूरच्या पुढे लागले होते, तेव्हा ते अचानक थांबले, सायकलवरून उतरले आणि माझ्या काचेसमोर येऊन उभे राहिले. माझ्या कानाशी रिसिव्हर होता. माझ्याकडे, मग रिसिव्हरकडे, मग त्यातून आत भिंतीत जाणाऱ्या तारेकडे बघत राहिले.

"परभणी, हे तारेतून काय काय जातं?"

"आवाज जातो, आबा."

"कुठलाही?"

"कुठलाही."

त्यांनी डबी हँडलवरून काढली आणि माझ्यासमोर धरली.

मायला पटवायला दोन दिवस गेले. मी तिला समोर नवापूरबाईच्या घरी बसवलं, त्या घरी फोन होता. इकडून मी नंबर लावला, आबा सायकलवर चढले, आणि मी रिसिव्हर डबीला टेकवून बांधला. मग धावत समोर गेले. माय रिसिव्हर दोन्ही हातांनी कानाला धरून बसली होती. तिने मला हाताने गप्प बसवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाठले कान लायेल सारखं से." पाठीला कान लावल्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती बारडोलीला गेली. आबा नाक्यापर्यंत पोचवायला गेले, आणि मी त्यांच्या मागून, ट्रकवर लक्ष ठेवत.

मग रोज सकाळी आमचा कार्यक्रम. आबा चढायचे. मी बारडोलीचा नंबर लावायची, माय शेजाऱ्यांकडे तयारच असायची. मी पैशांच्या मीटरचं तोंड भिंतीकडे फिरवायची आणि रिसिव्हरची वेटोळी तार ताणून डबीजवळ धरून उभी राहायची. कोणी काही बोलायचं नाही. लोक फोन करायला यायचे आणि बाहेर गपचूप थांबायचे. शेवटी मी रिसिव्हर कानाला लावला की माय ठोक्यांवरून न चुकता रस्ता ओळखायची. एक दिवस म्हणाली, "आज मोठा चढ लागना ना? कोंडाईबारी लागनी. सांग त्यासले, उतरा आते, घाटमा पायी चाला. तो घाट कोनी सायकलवर चढस नही."

मी आबांना ओठांनी सांगितलं. ते आज्ञाधारकपणे उतरले आणि उरलेला घाट सायकलभोवती गोल गोल चालून चढले. धाप लागू दिली नाही. घाटमाथ्यावर उपरणं सोडून वारा घेतला.

मुलगी झाली ती घाटातल्याच दिवसांत. जावयाने दवाखान्याजवळच्या बूथवरून कळवलं, दोघीही सुखरूप. मी आबांना सांगितलं, हातवारे करून सांगितलं, पेढा तोंडात घातला. त्यांनी मान डोलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. "चालू आहे ना पण?" दिवसातून चार वेळा विचारायचे. "तू सांगतेस म्हणून खरं."

इकडे दहिवेल मागे पडलं. गाव आता उद्या नाही तर परवा लागणार होतं. गल्लीला उत्साह आला होता. नवापूरने नारळ आणून ठेवला होता, माझ्या नवऱ्याने इच्छापोरहून येताना हार आणायचं कबूल केलं होतं. आबा मात्र दोन दिवस गावाच्याच नादात होते. वेशीवरचं मारुतीचं देऊळ, त्याच्या पुढची विहीर, असं काहीतरी ओठांतल्या ओठांत म्हणायचे.

त्या सकाळी डबी ऐकून झाल्यावर माय फोनवर म्हणाली, "थांब, ठेवू नको. अंडेर घर उनी. नातले लई येस." अंडेर म्हणजे लेक, ती दवाखान्यातून घरी आली होती. आणि मायने बाळ फोनपाशी आणलं. बाळ कडाडून रडत होतं. असं रडत होतं की मी रिसिव्हर कानापासून लांब धरला.

मी आबांकडे बघितलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, रिसिव्हर त्यांच्या पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फोन हातात घेतला. कानाला लावला नाही. उजवा तळहात उघडून त्या भोकांवर सपाट ठेवला, चालत्या संच्याच्या लाकडावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटले.

रिसिव्हरमधून तळहाताला काही कळतं का, मला आजही सांगता येणार नाही. पण आबांचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या. ओठ भराभर हलायला लागले, ते मोजत होते. आणि एकदम घाबरून ओरडले, "लई जोरात चाललीय! परभणी, एकशे दहाच्या वर गेली! सांग मायला, तिला हळू करा!"

इकडून रोज काळीज जायचं, म्हणजे तिकडून येतंय तेही काळीजच, असा त्यांचा समज. मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन, हसत आणि रडत म्हटलं, "आबा, ठोके नाहीत ते. रडतेय ती!"

"रडतेय?"

"भोकाड पसरलंय."

आबांनी तळहात तसाच ठेवला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसलं नाही. "म्हणजे चालू आहे," म्हणाले. "स्वतः बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूथ उघडायला आले तर आबा पट्टा बांधून तयार. नवापूर नारळ घेऊन ओट्याखाली उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता. सायकल फिरवलेली होती. इतके महिने पूर्वेला असलेलं तिचं तोंड आता पश्चिमेला होतं.

"आबा," मी म्हटलं, "गाव तर आलं होतं की हो! वेस दिसत होती ना?"

"दिसली," आबा म्हणाले. "गाव काय, जागेवरच आहे." ते सायकलवर चढले, उपरणं बांधलं. "बारडोलीला जाऊन येतो आधी. नातीला बघायचंय."

मी नंबर लावला, मीटर भिंतीकडे फिरवलं, तार ताणली. डबी वाजायला लागली. टुक्, आणि मग बऱ्याच वेळाने टुक्. पाय अगदी हलके फिरत होते. थोड्या वेळाने रिसिव्हर कानाला लावला तर माय काळजीत. "आज इतलं हळू काब्र वाजी ऱ्हायनं? बरं से ना त्यासले?"

"बरं आहे माय," मी म्हटलं. "उतार लागलाय."

"उतार? गावजवळ कथाना उतार?"

तिकडे बाळ कुरकुरत होतं. मायचा श्वास मला ऐकू येत होता. सुरतेकडे येताना कोंडाईबारीचा तोच घाट ती त्यांच्या पाठीला कान लावून उतरली होती. कळायला तिला वेळ लागला नाही.

"तोंड फिरावं का त्यासनी?" तिने हळूच विचारलं. मग म्हणाली, "सांग त्यासले, मी वाट देखी ऱ्हायनू."

आबा मान वळवून माझ्याकडेच बघत होते. "येस का तिला?" त्यांनी ओरडून विचारलं. मी रिसिव्हर कानाशी धरून दुसरा हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली.